खंडेनवमीची पेटी

पेटी आली तेव्हा मी पान्यांना हळद-कुंकू लावत होतो.

खंडेनवमी होती. शिरोलीतल्या माझ्या शेडमध्ये सकाळीच सगळी हत्यारं धुऊन, पुसून लाल कापडावर मांडून झाली होती. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने, मग हातोडे, छिन्न्या, ड्रिल मशिन आणि मधोमध वडिलांचा जुना रंधा. वेल्डिंग मशिनच्या गळ्यात झेंडूचा हार. वडील बैलगाड्या करायचे, मी ट्रकच्या बॉड्या बांधतो. धंदा बदलला, पण नवमीला हत्याराला हात लावायचा नाही हा नेम तोच राहिला.

ट्रान्सपोर्टच्या हमालाने लांबडी लाकडी पेटी दारात आदळली आणि तो सहीसाठी कागद पुढे करून उभा राहिला.

"मालक, शाफ्ट आला दिल्लीचा!" बाबालालभाई लगबगीने पुढे झाले. ते माझे मोठे मिस्त्री. वडिलांच्या वेळेपासून शेडमध्ये होते, साठी उलटली होती, आणि मला 'मालक' म्हणायचे ते मला लाज वाटावी म्हणून की मान म्हणून, हे मला कधीच कळलं नाही.

"ठेवा कोपऱ्यात," मी म्हणालो.

"कोपऱ्यात? अवो, उद्या गाडी न्यायला येणार न्हवं सुभेदार?"

शेडच्या मागच्या बाजूला ती गाडी उभी होती. खाली निळी, वर पांढरी, काचेवर 'जुगाई प्रसन्न', आणि पाठीवर पेंटरने वेलबुट्टीत लिहिलेलं 'हौसा'. इतकी सुंदर गाडी मी त्याआधी केली नव्हती. खरं सांगायचं तर त्यानंतरही केली नाही.

श्रावणात सुभेदार हिंदुराव चौगुले ती घेऊन आले, तेव्हा मी हसलो होतो. लष्करातून लिलावात निघालेली जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी. कुणा पुण्याच्या हौशी माणसाने पंचवीस वर्षांपूर्वी तिच्यावर घर बांधलेलं. आत पलंग, ओटा, कपाटं, सगळं. पण छत गळून प्लायवूड फुगलं होतं, गादीत उंदरांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केला होता आणि दार उघडताना कडी हातात यायची.

"सुभेदार, ही गाडी न्हवं, ही उंदरांची चाळ हाय," मी म्हणालो होतो.

"चाळ तर चाळ. भाडेकरू हाकल आणि आमाला जागा दे," सुभेदार म्हणाले.

वय एकाहत्तर, गुडघे गेलेले, पण बसणं ताठ. तीस वर्षं त्यांनी फौजेत गाड्या चालवल्या होत्या, त्यातली निम्मी बर्फात. अरुंद घाटात मागची गाडी अडकली की पुढच्या गाडीतून सुभेदारांना बोलवायचे म्हणे. बढाई मारायचे नाहीत. फक्त स्टिअरिंगवर हात ठेवताना आधी एकदा तळहात पँटीला पुसायचे, देवळात शिरताना चप्पल काढावी तसे.

गाडी त्यांना हवी होती ती हौसाकाकींसाठी. काकींना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे आणि डावा हात तेवढा राहिला. त्यांचं माहेर आंबेरण, धरणाच्या वरच्या डोंगरातलं. धरण झालं, मग त्यावरचं जंगल राखीव झालं, आणि गाव उठून खाली माळावर गेलं. वर जुगाईचं देऊळ मात्र राहिलं. वर्षातून एकदा, कोजागिरीच्या सुमाराला, जंगलखातं वाट उघडतं आणि आंबेरणची माणसं देवीला जातात. पाण्याच्या बाजूने लाँचमधून आणि मग पायी. काकींनी लग्न झाल्यापासून एकदाही जत्रा पाहिली नव्हती. सुभेदार सुट्टीवर यायचे ते उन्हाळ्यात, आणि सासू एकटीला पाठवायची नाही.

"दरसाल म्हणायची, अवंदा जाऊ. मी म्हणायचा, फुडल्या साली," सुभेदार म्हणाले होते. "आता हिला लाँचमध्ये चढवता येत न्हाई. मागच्या अंगानं जुनी बैलगाडीची वाट हाय, ती देवळाच्या दारात जाते. चढ हाय, वढे हायत. चारी चाकं वढणारी गाडी पायजे. आणि हिला झोपून जाता आलं पायजे. दसऱ्याला गाडी दे, कोजागिरीला मी हिला ओटी भरायला नेतो."

"दिली म्हणून समजा," मी म्हणालो.

आणि मी जीव ओतला, हे मला कुणी नाकारू नये. आतलं सगळं उपटून काढलं. ॲल्युमिनियमचे पत्रे, सागाच्या पट्ट्या, छताला नवा थर, वर सोलरचं पॅनेल. मागच्या दारातून उतरणारा रॅम्प केला, त्यावर छोटी विंच, म्हणजे चाकाची खुर्ची एका माणसाला वर घेता येईल. पलंग रुळावर, आणि पलंगाच्या उंचीला काकींसाठी एक लांबट खिडकी, झोपल्या झोपल्या बाहेर दिसावं म्हणून. पुढचा आरसा जरा बाहेर काढला, की त्यातून रस्ताही दिसावा. काकींना मध्ये एकदा आणून पलंगावर निजवून बघितलं. त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या आणि डाव्या हाताने त्यांनी माझा गाल चाचपला. मी दोन दिवस हवेत होतो.

भाद्रपदात बाबालालभाईंनी खाली शिरून सांगितलं, "मालक, पुढचा शाफ्ट संपलाय." इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना नेणारा लोखंडी दांडा, तो पुढचा शाफ्ट. तो नसला तर गाडी मागच्या दोन चाकांवर चालते, झकास चालते, सडकेवर कुणाला पत्ता लागत नाही. पण चिखलात, चढावर पुढची चाकं नुसती बरोबर येतात, ओढत नाहीत. इतक्या जुन्या गाडीचा शाफ्ट कोल्हापुरात मिळेना. दिल्लीला जुन्या मालाच्या बाजारात सांगितला. तो येईपर्यंत जुना काढून ठेवला आणि त्या मोकळ्या जागेसमोर मी पाण्याची मोठी टाकी बसवली, तिला भोवतीने पत्र्याची झालर केली, वर रंग मारला. शाफ्ट आला की टाकी काढून बसवू, एका दिवसाचं काम, असं म्हणत राहिलो. दिल्लीवाला रोज उद्या म्हणत राहिला.

आणि पेटी आली ती नेमकी खंडेनवमीला.

"आत्ता टाकी उतरवली तर सांजंपातूर बसतोय," बाबालालभाई म्हणाले.

"भाई, आज हत्याराला हात लावायचा न्हाई."

"ते मला ठावं हाय की. तुमच्या वडलांच्या हाताखाली पस्तीस नवम्या काढल्या मी. पण त्यांनी एका नवमीला येष्टीचं चाक बदलून दिलं हुतं. म्हणाले, हत्यार पुजायचं ते कामासाठीच."

"ती अडलेली गाडी हुती."

"बरं. माझ्या घरचं पाने आणतो. ते तुमच्या पूजेत न्हाईत. मी एकटा खाली शिरतो, तुम्ही बघूबी नगा."

मी कुंकवाचं बोट पुसलं. "नेम म्हंजे नेम, भाई. शेडमध्ये आज काम न्हाई."

हे मी असं बोललो, की कुणालाही वाटावं, केवढा देवभोळा माणूस! खरी गोष्ट वेगळी होती. दसऱ्याला सकाळी नऊ वाजता पेपरवाला येणार होता. 'कोल्हापूरच्या कारागिराने फिरतं घर बांधलं' असा फोटो घालतो म्हणाला होता. टाकी उतरवायची म्हणजे झालर कापायची, झालरीचा रंग खरवडायचा, परत वेल्डिंग, परत रंग. ओल्या रंगाची, डाग पडलेली गाडी फोटोत आली असती. नाहीतर सुभेदारांना सांगावं लागलं असतं, की गाडी दसऱ्याला नाही, दोन दिवस थांबा. तेही फोटोवाल्यासमोर. मला ते नको होतं.

पेटी बाबालालभाईंनी एकट्यानेच ओढत कोपऱ्यात नेली. मी मदतीला गेलो नाही.

दसऱ्याला सुभेदार आले ते नव्या सदऱ्यात, डोक्याला फेटा. बरोबर पुतण्या आणि खुर्चीत काकी. पेपरवाल्याने पंधरा फोटो काढले. नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. सुभेदार गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि वाकायला लागले.

"खालनं बघतो जरा."

"सुभेदार, ग्रीस लागंल सदऱ्याला," मी पटकन म्हणालो. "आणि गुडघ्याचं काय करणार? आत बसून बघा की सगळं."

ते हसले. "व्हय, तू केलंयस म्हंजे बघायचं काय!"

तळहात पँटीला पुसून ते स्टिअरिंगवर बसले. "पुढची चाकं?"

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि गिअरशेजारचा, पुढची चाकं जोडायचा लहान दांडा पुढे ढकलला. डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागला. वर्षानुवर्षं मेलेला तो दिवा मीच नवा बल्ब घालून जिवंत केला होता. तो दांड्याला जोडलेला होता. खाली शाफ्ट आहे की नाही, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? मी तोंडाने काही खोटं बोललो नाही. दिवाच बोलला.

"वा रं वा!" सुभेदार लहान पोरासारखे टाळी वाजवून म्हणाले. "हौसे, दिवा लागला गं!"

मागून पलंगावरून काकींनी हसल्यासारखा आवाज काढला. शेडच्या दारात बाबालालभाई उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते आत गेले.

उद्या फोन करतो, 'पहिलं चेकिंग' म्हणून गाडी बोलावतो आणि गुपचूप शाफ्ट बसवून टाकतो, असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला आणि फोन वाजायचा थांबेना. सांगली, बेळगाव, पुणे. तिसऱ्या दिवशी दोन गिऱ्हाइकं घरी आली. चौथ्या दिवशी बाबालालभाईंनी आठवण केली तेव्हा मी म्हणालो, "म्हातारा काय लगेच डोंगरात घालतोय व्हय? पुतण्या सडकेनं नेऊन आणंल, लाँचच्या धक्क्यावरनं देवीला हात जोडतील."

म्हणजे ते जातील यावर माझा विश्वासच नव्हता. गाडी बांधताना मी त्यांच्यासाठी बांधत होतो, पण मनातून मला वाटत होतं, की हे म्हाताऱ्याचं खूळ आहे आणि गाडी अंगणात उभी राहणार.

चतुर्दशीला दिवस कलताना फोन आला. आवाज तुटत होता. "दिनकर, मी हिंदुराव. आंबेरणच्या वाटंला तिसऱ्या वढ्याच्या चढाला गाडी रुतलीया. रेंजसाठी कोसभर चालत आलोय. हौसा एकटीच हाय गाडीत, मला माघारी जायला पायजे. सकाळी ये बाबा."

पहाटे मी पिकअप काढली. बाबालालभाई आधीच मागे काहीतरी बांधत होते. ताडपत्री बाजूला करून बघितलं, तर पेटी.

"ही कशाला?"

"तितंच बसवू. पाने घेतल्यात. टाकी काढून दोन-अडीच तास. आज कोजागिरी हाय, मालक. दुपारपातूर गाडी देवळात जाईल."

वाटेत धरणाखालच्या गावातून एक ट्रॅक्टर बरोबर घेतला. दहाच्या सुमारास आम्ही पोहोचलो.

ओढ्यापलीकडे लाल चिखलाचा चढ होता आणि त्याच्या मध्यावर माझी देखणी गाडी तिरकी उभी होती. मागच्या चाकांनी फिरून फिरून स्वतःची कबर खणली होती, पार कण्यापर्यंत. पुढची चाकं मात्र वर, कडक मुरमावर, पाहुण्यासारखी उभी होती. त्यांच्याखाली एक ओरखडासुद्धा नव्हता. पोराटोरालाही कळलं असतं, की ही चाकं फिरलीच नाहीत.

सुभेदार चाकाखाली दगड सारत होते. सदरा चिखलाने भरलेला, फेटा गुंडाळून कमरेला. एका दिवसात ते दहा वर्षांनी म्हातारे झाले होते.

"ये गा," ते म्हणाले. "बग काय करून ठेवलंय मी."

"तुम्ही काय केलं, सुभेदार?"

"दिवा लावला. पुढं जमीन बग कशी कडक हाय! पुढच्या चाकांनी वढून काढायलाच पायजे हुतं. पाच डाव घेतलं, धा डाव घेतलं. माझाच क्लच चुकतोय, न्हाईतर रेस जास्त हुतीया. ह्यापरीस वंगाळ जागी मी भरलेला ट्रक काढलाय. आता हात राहिलं न्हाईत, दिनकर. हातच गेलं."

त्यांनी ते दोन्ही हात माझ्यापुढे केले. बोटं थरथरत होती. रात्रभर दगड उचलून थरथरत होती, पण त्यांना वाटत होतं, की ती म्हातारपणाने थरथरतायत.

त्या माणसाने गाडीत दोष शोधलाच नव्हता. गाडी मी केली होती ना.

वरून ढोल ऐकू येत होता. देऊळ तिथून दीड-दोन मैल असेल, पण डोंगरात आवाज जवळ वाटतो. मध्येच हलगी, मध्येच 'जुगाईच्या नावानं चांगभलं'. मी खिडकीशी गेलो. काकी पलंगावर होत्या. हिरवं इरकली लुगडं, हिरवा चुडा, उशाशी ताटात खण, नारळ, हळकुंडं. ओटीची सगळी तयारी. काचेवर त्यांनी बोटाने टकटक केलं. मग आरशाकडे बोट केलं, आरशातून दिसणाऱ्या पुढच्या चाकाकडे. डाव्या हाताने हवेत चाक फिरवलं आणि मूठ आवळून थांबवलं. परत केलं. परत.

मीच त्यांना ती खिडकी करून दिली होती. मीच आरसा बाहेर काढला होता.

"सकाळधरनं असंच करतीया," सुभेदार मागून म्हणाले. "माघारी फिरू म्हणती जणू."

ट्रॅक्टरने साखळी लावून गाडी मागे ओढली, ती अर्ध्या तासात ओढ्याअलीकडच्या सपाटीला आली. बाबालालभाई पिकअपच्या मागच्या फळीवर हात ठेवून उभे होते. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "काढू पेटी?"

पेटी काढायची म्हणजे काय काय होणार, ते माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. टाकी खाली येणार. सुभेदार बघणार, रिकामी जागा. पेटीवरचा ट्रान्सपोर्टचा कागद बघणार, तारखेसकट. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची तारीख. मग माझ्याकडे बघणार. आणि दुपारी गाडी वर जाणार, काकी ओटी भरणार, म्हाताऱ्याला त्याचे हात परत मिळणार. एवढ्या सगळ्याच्या समोर माझं फक्त तोंड काळं होणार होतं.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो.

"मालक..."

"ऱ्हाऊ दे म्हटलं न्हवं, भाई!"

"मग तुम्ही तोंडानं सांगा. न्हाईतर मी सांगतो."

"तुम्ही सांगितलं तर शेडची पायरी चढू नका."

हे वाक्य मी बाबालालभाईंना म्हणालो. त्यांनी मला रंधा धरायला शिकवलं होतं. त्या वेळी ते मला 'मालक' म्हणाले नाहीत. "दिनू," ते म्हणाले, "तोंड तुझं हाय. तूच उघडायला पायजे. मी उघडलं तर त्याचा काय उपेग?"

ट्रॅक्टरवाल्याला काय कुजबुज चाललीय ते कळलं नाही, पण माणूस भला होता. तो म्हणाला, "बाबा, चढाला एवढं वझं माझ्या ट्रॅक्टरला वढायचं न्हाई. पण बाज हाय का? आजीला बाजेवर घेऊ, चौघं हाय आपण. दम खात खात नेऊ वर. ढोल वाजतोय तवर पोचतोय की!"

काकींचे डोळे लकाकले. मी काचेतून बघितलं ते.

सुभेदारांनी नकाराची मान हलवली. "चौघांच्या खांद्यावर? जित्या माणसाला? न्हाई." मग खाली बघून म्हणाले, "मी नेतो म्हटलं हुतं. माझ्यानं झालं न्हाई. चला माघारी."

मी त्यांच्या समोर उभा होतो, दोन हातांवर. सांगायला एक वाक्य लागलं असतं. मी म्हणालो, "चिखलच लई हुता, सुभेदार. कुणालाबी निघाली नसती."

माझं धीर देणं ऐकून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

येताना गाडी मी चालवली. सुभेदारांनी स्टिअरिंगला हात लावला नाही, मागे काकींच्या उशाशी बसले. ओटीचा नारळ त्यांनी ओढ्यात सोडला. ढोल बराच वेळ पाठीमागून येत होता, मग वळणावर थांबला. डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा तसाच लागलेला होता. माझ्या ते लक्षात आलं तेव्हा मी दांडा मागे घेऊन तो विझवला.

त्यांच्या दारात काकींना उतरवल्यावर सुभेदारांनी किल्ली माझ्या हातात दिली. "एखादं जाणतं गिऱ्हाईक बग, दिनकर. चालवणाऱ्याच्या हातात गेली पायजे."

दुसऱ्या दिवसापासून बाबालालभाई कामावर आले नाहीत. मी बोलवायला गेलो नाही. शाफ्ट मी स्वतः बसवला, टाकी काढून, झालर कापून. सव्वादोन तास लागले. गाडी पुण्याच्या एका जोडप्याने नेली. जूनमध्ये त्यांचा बर्फातला फोटो आला, खाली लिहिलेलं, 'कुठेही चढते, बकरीसारखी.'

काकी माघात गेल्या. मला उशिरा कळलं, आणि कळल्यावरही मी जायला चैत्र उजाडला. या वेळी सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. वाटेत मोटरसायकलवर मी वाक्य घोळवत होतो. 'सुभेदार, शाफ्ट नव्हता.' तीन शब्द. पहिल्या तीन शब्दांनंतर बाकीचं आपोआप येईल, असं मला वाटत होतं.

सुभेदार सोप्यात बसले होते. अंगणात त्यांची लूना नव्हती. पुतण्याला देऊन टाकली म्हणाले. "मी आता कायच चालवत न्हाई. कुठं जायचं तर हा नेतो. उगं कुणाच्या जिवावर बेतायला नगं."

मी घसा खाकरला. "सुभेदार, मी जरा..."

"थांब, तुला एक इचारायचं हुतं," ते म्हणाले. "तू गाड्यांतला माणूस हायस. हौसा जाईस्तवर असं करायची बग."

त्यांनी डावा हात वर केला. हवेत चाक फिरवलं, एकदा, दोनदा, आणि मूठ आवळून थांबवलं.

"दिवसातनं धा येळा. माझ्याकडं बघून. शेवटच्या दिवशीबी केलं. मला वाटायचं, फिरायला ने म्हणतीया, मग वाटायचं, माझ्यावर रागवलीया. मला काय उमगलं न्हाई. तुला काय कळतंय का गा ह्यातलं?"

त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. मूठ तशीच हवेत होती.

"न्हाई, सुभेदार," मी म्हणालो.

त्यांनी मूठ खाली घेतली. "न्हाईच कळायचं. तिचं तिलाच ठावं." मग भिंतीला धरून उठले, परसात जाऊन आले आणि माझ्या हातात पाच-सहा लिंबं ठेवली. निघताना उंबऱ्यापर्यंत सोडायला आले.

"गाडी मात्र तू झ्याक केली हुतीस, दिनकर," ते म्हणाले. "तुझा काय दोष न्हाई त्यात. हात माझं गेलं."

त्याला चौदा वर्षं झाली. सुभेदार गेल्या आषाढात गेले. आता मी हे लिहितोय, आता, जेव्हा ऐकायला कुणी उरलं नाही. दर खंडेनवमीला मी हत्यारं मांडतो, लहानापासून मोठ्यापर्यंत. त्या दिवशी शेडमध्ये काम होत नाही. गिऱ्हाइकं म्हणतात, सुतारांच्यात नेम फार कडक.